लिमये मॅडमचं सँडविच

नोकरीतले किस्से जमवावे लागत नाहीत, रजेचे अर्ज येत राहिले की ते आपोआप साचतात. आमच्या ऑफिसात तर नवीन वर्ष कॅलेंडर आलं की सुरू होतं. कोणती सुट्टी शुक्रवारी, कोणती सोमवारी हे बघायला इतकी गर्दी होते, की भिंतीवरचा खिळा निघतो! आणि एखादी सुट्टी रविवारी निघाली, तर घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरते.

आमचं ऑफिस स्वारगेटजवळ. पंपांचे सुटे भाग विकतो आम्ही. मी अकाउंट्सला. एचआर म्हणजे लिमये मॅडम. राहायला सदाशिव पेठेत, आणि बोलणंही तिथलंच!

सँडविचचा नियम आला, तेव्हा मॅडमनी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं.

"सुट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे रजा घेतलीत, तर मधली सुट्टीसुद्धा रजेत धरली जाईल. याला सँडविच म्हणतात."

सेल्सच्या वानखेडेनं हात वर केला. हा मूळचा अमरावतीचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला. गावी जायचं म्हणजे अर्धी सुट्टी गाडीतच जाते. सगळ्यात जास्त फटका त्यालाच!

"मॅडम, आन् एकाच बाजूनं रजा घेतली तर?"

"त्याला ब्रेड-बटर म्हणतात. खा."

* * *

पहिला बळी अर्थातच वानखेडे. दिवाळीला लागून मागितलेली त्याची रजा नामंजूर झाली होती. ऐन त्याच दिवशी सकाळी त्याचा फोन आला, मॅडमनी स्पीकरवर घेतला. आवाज अगदी खोल गेलेला.

"मॅडम, लय ताप आहे जी. अंथरुणातून उठवत नाही."

मॅडम सहानुभूतीनं "अरेरे" म्हणणार, तेवढ्यात पलीकडून खणखणीत आवाज आला, "यात्रीगण कृपया ध्यान दें..." आणि त्याच्यामागे कुणीतरी चहावाला!

आम्ही सगळे माना खाली घालून हसू दाबतोय. मॅडम मात्र शांत.

"वानखेडे, ताप कुठे उतरतो ते बघा. तुम्ही अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरा. झोप लागली तर नागपूरला जाल!"

रजा कापली ती कापलीच. पण परत आल्यावर वानखेडेनं घरचे अनारसे आणले, ते मॅडमनी डबाभर घरी नेले.

* * *

मतदानाच्या सुट्टीचा किस्सा आमच्या साहेबांचा. ही सुट्टी मतदानासाठी असते, लोणावळ्यासाठी नव्हे, असं मॅडमचं ठाम मत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारातच उभ्या!

"बोट दाखवा."

एकेक जण शाई दाखवून आत. मीही दाखवली. वॉचमननं न विचारता दाखवली! सगळ्यात शेवटी साहेब आले. डावा हात पॅन्टच्या खिशात. तसेच केबिनमध्ये गेले, तसंच एका हातानं जेवले, एका हातानं फाइली चाळल्या. संध्याकाळी सही घ्यायला गेलेल्या मॅडमनी विचारलंच,

"साहेब, एकाच हाताला थंडी वाजतेय का?"

साहेबांनी मुकाट्यानं स्वतःची एक रजा लावून घेतली.

* * *

आता माझं सांगते. मला एकदा लागून आलेल्या सुट्टीच्या आधीचा दिवस हवा होता. काय कारण द्यावं? लग्न सांगून झालं, बारसं सांगून झालं, नळदुरुस्तीही सांगून झाली. शेवटी कंटाळून खरंच सांगितलं,

"मॅडम, कारण काही नाही. घरी नुसतं लोळायचंय."

मॅडमनी चष्मा काढला. आता ऐकावं लागणार, म्हणून मी तयारीत.

"अर्धा दिवस लोळायचंय की पूर्ण?"

"पूर्ण."

"मंजूर. इथे बसल्यापासून पहिलं खरं कारण ऐकतेय!"

* * *

डिस्पॅचचे सलीमभाई पिढ्यान् पिढ्या पुण्यातले. आमच्याहून शुद्ध मराठी! ईदच्या आधी मॅडमनी त्यांना विचारलं, "सुट्टी नक्की कधी?"

"चांद दिसला की सांगतो."

"चंद्राला म्हणावं, आधी कळवत जा."

पण त्या वर्षी गोम अशी, की गुरुवारी चांद दिसला तर ईद शुक्रवारी, म्हणजे जोडून शनिवार-रविवार! नाही दिसला, तर ईद शनिवारी. शनिवारी आम्हाला सुट्टी असतेच, म्हणजे ती वाया! झालं. गुरुवारी संध्याकाळी अख्खं ऑफिस गच्चीवर. साहेबांनी घरून दुर्बीण मागवली. वानखेडे पाण्याच्या टाकीवर चढला. आणि सलीमभाई? ते एका कोपऱ्यात निवांत खजूर खात, पाणी पीत बसलेले.

"अहो सलीमभाई, बघा की जरा!" साहेब ओरडले.

"साहेब, रोजे मी धरले, आणि चांदची घाई तुम्हाला!"

तेवढ्यात कुणाचातरी चीत्कार आला. "तो बघा, तो! नारळाच्या झाडाच्या डावीकडे! शुक्रवार मंजूर!"

बघतो तर, लिमये मॅडम!

* * *

आणि हा शेवटचा. पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. सोमवारी मोठी ऑर्डर जायची, म्हणून साहेबांनी सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या. वानखेडेची बायको पहिल्या बाळंतपणासाठी अमरावतीला, माहेरी. गुरुवारी दुपारी तिकडून फोन आला, कळा सुरू झाल्या. बिचाऱ्याची एकही रजा शिल्लक नव्हती. तो नुसता स्क्रीनकडे बघत बसला. डोळे भरलेले.

फोनवरचं बोलणं सलीमभाईंच्या कानावर पडलं होतं, त्यांनी जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडम उठल्या, थेट स्टोअरमध्ये गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रबरी वॉशर घेऊन आल्या. पिशवी वानखेडेच्या टेबलावर ठेवली.

"हा अमरावतीच्या गिऱ्हाइकाला पोहोचवायचाय. अर्जंट आहे. तुम्ही रजेवर नाही, ड्युटीवर जाताय."

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. "एका वॉशरसाठी माणूस पाठवायचा?"

"उद्या कुरिअरला सुट्टी आहे, साहेब."

साहेबांनी वॉशरकडे बघितलं. मग वानखेडेच्या तोंडाकडे.

"मग बसलास काय? नीघ!"

सलीमभाईंनी तोवर स्कूटर काढलीच होती. स्टेशनवर सोडून आले.

सोमवारी सकाळी वानखेडेचा फोन आला. मॅडमनी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, शुक्रवारीच मुलगी झाली जी! दोघीही मस्त आहेत!"

अख्ख्या ऑफिसात टाळ्या, शिट्ट्या! साहेब तर पेढे आणायला स्वतः खाली धावले. गलबला थांबल्यावर मॅडमनी विचारलं,

"अभिनंदन. वॉशर पोहोचला का?"

"मॅडम... तो खिशातच आहे. तुम्ही गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता काहीच दिलं नाही ना!"

"मग शोधा," मॅडम म्हणाल्या, "आणि सापडल्याशिवाय परत येऊ नका!"