नाक उचललं तरी सरळ

त्या गल्लीत सगळी गॅरेजंच. एकीकडे पत्रा ठोकणारे, पलीकडे रंगवाले, समोर टायरवाला. कोपऱ्यावरच्या दुकानात गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, की ते आत्याचे समजायचे. भाची तिला आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्लीच म्हणायला लागली. टायरवाला तर तिच्याहून वयानं मोठा. एकदा तिनं त्याला विचारलं, "अरे, तू माझा भाचा कुठून झालास?" तर म्हणतो कसा, "मग काय, आजी म्हणू?" पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

आत्याचं काम म्हणजे अलाइनमेंट. गाडीची पुढची चाकं एकमेकांशी भांडत नाहीत ना, एवढं बघायचं. चाकांची नाकं आत वळलीत की बाहेर फाकलीत, ज्या खुंट्यावर चाक वळतं तो सायकलच्या पुढच्या दांड्यासारखा नीट मागं कललाय की नाही. तो कल बरोबर असला, की सोडून दिलेलं चाक आपणहून सरळ होतं. आडगिऱ्हाइकाला ती एवढंच सांगायची, "तुमची गाडी डावीकडे ओढते, तुम्ही उजवीकडे ओढता, आणि मधल्या मध्ये टायर मरतो." रोजच्या गाड्यांसाठी पडद्यावर आकडे दाखवणारं मशीन होतं तिच्याकडे. त्याच्यावर तिचा फार जीव. काम संपलं, की पोराला पांघरूण घालावं तशी त्याच्यावर चादर घालायची.

घरच्या शर्यतीच्या गाडीला मात्र ते मशीन चालायचं नाही. तिच्या पुढच्या बारीक चाकांना मशीनचे चिमटे बसत नसत. तिथं चार खुंट, दोन लांब दोरे, ओळंबा आणि स्टीलची पट्टी.

ही गाडी दादानं, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावानं, तरुणपणी भंगारातून उभी केलेली. दोन गाड्यांनी शेजारी उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि आधी टोक गाठायचं, इतकीच ती शर्यत. वळण नाही, चढ नाही. वहिनी म्हणायची, "एवढं नाकासमोरच जायचंय, तर चालत जा की!" पुढं दादाचे गुडघे गेले आणि गाडी लेकीकडे, म्हणजे आत्याच्या भाचीकडे, आली. लेक शहरातली बस चालवायची. दिवसभर हळू चालवल्याचा राग ती सुट्टीच्या दिवशी तिथं काढायची.

मागच्या शर्यतीत मात्र गाडीनं तिला घाबरवलं. सुटल्या सुटल्या नाक वर झालं आणि गाडी बाजूच्या भिंतीकडे निघाली. भाचीनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला म्हणून निभावलं. वहिनी कठड्याशी उभी होती. ती ओरडली नाही, की रडली नाही. घरी आल्यावर तिनं चावी आपल्या पर्समध्ये टाकली आणि नणंदेला म्हणाली, "वन्सं, या दोघांचं मी ऐकणार नाही. तुम्ही म्हणा गाडी सरळ आहे, मी चावी देते. तुम्ही नाही म्हणालात, तर ही शेवटची."

सगळं ओझं आलं आत्याच्या जिभेवर.

तिनं दोरे ताणले. चालवणाऱ्याचं वजन हवं म्हणून भाचीला आत बसवलं. पट्टी लावली. दोन्ही चाकं सरळ, खुंट्यांचा कल हवा तेवढा, कुठं ढिलं नाही की वाकलेलं नाही. नेहमीप्रमाणं पुढच्या बंपरवर बसून दादा देखरेख करत होता.

"झालं ना? सांग तिला, सरळ आहे म्हणून."

"उभी असताना सरळ आहे, दादा. पळताना काय करते, ते मला कुठं दिसलंय?"

"अगं बये, तुझ्या हातात पट्टी आहे, आकडा समोर आहे, अजून काय पाहिजे तुला? तिच्या आईची सही?"

"तिच्या आईला मी खोटं सांगणार नाही."

भाची आतून म्हणाली, "आत्या, बोल ना गं. माझा सीझन जाईल." आवाज रडवेला होता. हीच पोर लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून नटबोल्ट वेगळे करायची. तिला नाही म्हणणं आत्याला कधी जमलंच नव्हतं. आज मात्र ती पट्टी धरून तशीच बसून राहिली.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. कप गरम, दादा हात लांब करेना, वहिनी पुढं येईना. शेवटी कण्हत कण्हत तो उठला.

आणि पट्टीवरचा आकडा सरकला.

आत्याला आधी वाटलं, दोरा ढिला झाला. तिनं दोरा चाचपला. तो ताठच होता.

"दादा, बस."

तो बसला. आकडा जागेवर आला.

"ऊठ."

"चहा सांडेल."

"सांडू दे. ऊठ! बस. परत ऊठ."

"ही काय शाळा लावलीयस?"

आत्या मटकन जमिनीवर बसली आणि हसायलाच लागली. गुडघे गेल्यापासून दादाची ती जागा ठरलेली. भाचीचं वजन न चुकता मोजलं जायचं, पण दादा इतकी वर्षं त्या बंपरवर बसत होता, की तिला तो गाडीचाच भाग वाटायला लागला होता. त्याच्या वजनानं नाक दाबलेलं असताना चाकं सरळ. तो उतरला, की जरा फाकलेली. आणि शर्यतीत तर नाक आणखी वर जायचं.

तिनं चेसिसखाली जॅक लावून नाक हळूहळू उचललं. जसं नाक वर जाई, तशी चाकं बाहेर फाकत. डावं जास्त, उजवं कमी. ती भिंतीकडची ओढ पट्टीवर अशी लख्ख दिसली.

दादाचा चहा हातातच राहिला. "म्हणजे माझ्या पोरीला मीच..."

"तू काही केलं नाहीस. पट्टी मी धरली होती," आत्या म्हणाली. "तू नुसता बसला होतास. तेवढंच तर येतं तुला."

वहिनीला हसू आलं, पण चावी तिनं दिली नाही.

नुसता टाय रॉड लांब-आखूड करून हे भागणार नव्हतं. तसं केलं तर एका उंचीला चाकं सरळ, दुसऱ्या उंचीला पुन्हा वाकडी. चाकाला वळवणारा तो रॉड आणि चाक धरणारा लोखंडी हात, दोघांनी एका चालीनं वरखाली व्हायला हवं. आत्यानं रॉडचं चाकाकडचं टोक खाली घ्यायचं ठरवलं. त्यासाठी मध्ये घालायला लेथवर लोखंडी कडी कातली. घातली, नाक उचललं, मोजलं. काढली, पुन्हा कातली. डावीकडे जाड, उजवीकडे पातळ. दादाला तिनं टायरवाल्याकडे नेऊन बसवलं. तिथून तो ओरडून सल्ले देत होता आणि टायरवाला म्हणत होता, "आत्या, याचं भाडं लागेल."

शेवटी नाक खाली असो, मध्ये असो की वर, पट्टी हलेना. मग तिनं चाकांची नाकं केसभर आत घेतली, वेगात वारा त्यांना फाकवतो म्हणून.

शर्यतीच्या मैदानावर वहिनीनं विचारलं, "वन्सं?"

"सरळ आहे," आत्या म्हणाली. "उभी असताना, आणि नाक उचलल्यावरही. मी स्वतः बसले असते, पण त्या सीटमध्ये मावत नाही."

वहिनीनं चावी दिली आणि लेकीच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघितला.

हिरवा दिवा लागला. नाक वर गेलं. आत्यानं डोळे मिटले नाहीत, पापणीसुद्धा लववली नाही. दोन बारीक चाकं अधांतरी झाली, खाली टेकली, आणि गाडी आखलेल्या रेघेवरून निघाल्यासारखी टोकापर्यंत गेली. शेजारची गाडी तिच्या आधी पोचली, म्हणून दादा कपाळ बडवत होता.

भाची परत आली, हेल्मेट काढून म्हणाली, "आत्या, काही करावंच लागलं नाही गं. नुसतं धरून बसले होते. बस चालवताना कंटाळा येतो ना, तसा आला."

आत्याचं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं. ती टायरला हात लावून बघायला लागली.

"कंटाळाच येऊ दे बाई तुला," वहिनी म्हणाली, आणि पुढची शर्यत कधी आहे ते विचारायला स्वतःच निघाली.