पहिल्या खोक्यातलं हळकुंड

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना तसा प्रवासी बॅगांचा. पण युद्ध लांबलं तशी परदेशी मदतसंस्थांची कामं येऊ लागली, आणि एक दिवस गाझातल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या पिशव्यांची ऑर्डर आली. साबण, प्लॅस्टिकची चादर, नाळ बांधायचा दोरा, दुपटं, निर्जंतुक ब्लेड. मी डिस्पॅच बघते, म्हणजे इंग्रजी मेलही मीच बघते. वडील गिरणीत होते. भांडुपच्या चाळीतून पदवी घेणारी घरातली पहिली मी. हे मी कुठेही सांगते, विचारलं नाही तरी.

माल भरायच्या आधी संस्थेचा मेल आला : ब्लेड काढा, धारदार वस्तू तपासणीत अडकतात. तपासणी कोणाची, ते लिहिलं नव्हतं. या लोकांच्या मेलमध्ये सगळं आपोआप होतं. माल अडतो, माल सुटतो, वाटाघाटी पुढे सरकतात, मागे येतात. करणारा कोणी नसतोच. शेजारी कोण राहतं आणि काय करतं हे सांगायला कोणी टाळाटाळ केली, की आमच्या चाळीत लगेच कान टवकारायचे. तीच सवय मला ऑफिसात लागली आहे.

पॅकिंग सांभाळणारी मावशी मालवणची, शेठच्या वडिलांच्या काळापासूनची. तिने ब्लेडचे डबे बाजूला सारले आणि माझ्याकडे बघितलं.

"मगे नाळ कशान कापूची गो? दातान?"

"तिकडे काहीतरी सोय असेल, मावशी."

"सोय असात तर आमची पिशवी कित्याक होयी?"

शेठला मात्र फक्त बातम्यांची काळजी. केबिनमधला टीव्ही दिवसभर चालू. "आज परत बसलेत बोलायला," तो सांगायचा, मॅचचा स्कोअर सांगावा तसा. "तिकडे युद्धबंदीवर सही झाली की इकडे आपला कंटेनर तयार पाहिजे. पहिला माल ज्याचा, पुढची ऑर्डर त्याची."

माल गेला. नंतर एका सकाळी मेलमध्ये फोटो आला. राखाडी ट्रेमध्ये सीलबंद पारदर्शक पिशवी, बाजूला मोजपट्टी, आणि पिशवीत एक हळकुंड. पहिल्या खोक्यात सापडलेली अनोळखी वस्तू. ही काय आहे, कोणत्या हेतूने पाठवली, खुलासा येईपर्यंत सगळा माल थांबवला आहे.

मी मोठ्याने हसले. मग खालची ओळ वाचली. खोकं बंद करणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव आणि ओळखपत्राची प्रत पाठवा.

मावशीने लपवलं काहीच नाही. "मीच ठेवलंय. बाळंतिणीकडे हळद धाडूची नाय तर काय? ब्लेड तर तुम्ही काढून घेतलास."

पण खोकं तिने बंद केलं नव्हतं. कॅमेऱ्यात टेप लावताना दिसत होती जोगेश्वरीहून कामाला येणारी मुलगी. नवीनच लागलेली, मुसलमान. तिचं लग्न ठरलं होतं, नवरा मुलगा आखातात, आणि दुपारच्या सुट्टीत ती व्हिसाच्या कागदांबद्दल मलाच विचारायला यायची.

शेठने दार लावून घेतलं. "टेप तिने लावली ना? मग तिचं नाव दे. खोटं कुठे बोलतोय आपण?"

"हळकुंड मावशीने ठेवलंय."

"ते त्यांनी विचारलंय का? आणि ती पोरगी रोज गाझाचे व्हिडिओ स्टेटसला ठेवते, मी बघतो ना. उद्या काही निघालं तर आपली वाट लागेल."

म्हणजे शेठ तिचे स्टेटस बघत होता. मला आणखीच काळजी वाटायला लागली. हे नाव संस्थेकडे जाणार, तिथून कोणत्या वकिलातीत, कोणत्या सीमेवर, कोणाच्या संगणकात? एखाद्या टेबलावर ते अडकलं, तर तिला व्हिसा का नाकारला हे कोणी सांगणार नाही. तेही आपोआपच झालेलं असेल.

"डिस्पॅचची जबाबदारी माझी आहे," मी म्हटलं. "माझं नाव जाईल."

"तुला कशाला हौस?"

"इंग्रजीत भांडता येतं म्हणून."

खरं कारण दोघांनाही माहीत होतं. माझं आडनाव वाचून तिकडे कोणाच्याही भुवया वर जाणार नव्हत्या.

मग व्हिडिओ कॉल झाला. संस्थेच्या बाई फार गोड बोलल्या. या वस्तूला काही प्रतीकात्मक अर्थ आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ही आम्ही डाळीत घालतो. त्या हसल्या. पण त्यांच्या शेजारी एक माणूस बसला होता. त्याची ओळख करून दिली नाही, आणि तो हसला नाही. मी 'हे कोण?' असं विचारलं. "सहकारी," बाई म्हणाल्या. त्याने काहीतरी लिहून घेतलं.

माल सुटला म्हणून कळवलं. वाटपाचे म्हणून फोटोही आले. मी ते मोठे करकरून बघितले, पण खोक्यांवरची टेप आमची की दुसऱ्या कोणाची, कळलं नाही.

आता पुढची ऑर्डर आली आहे. अट नवीन : पॅकिंगला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र आधीच पाठवायचं. शेठने सगळ्यांना सांगूनही टाकलं. काल जोगेश्वरीची मुलगी आधारची झेरॉक्स घेऊन माझ्या टेबलाशी आली. "ताई, ये किसलिए चाहिए?"

"अभी रख अपने पास," मी म्हटलं. "पहले मैं पूछती हूँ."

मेल टाकला आहे : ही ओळखपत्रं कोणाकोणाला दाखवली जाणार, नावानिशी कळवा, तोपर्यंत एकही प्रत मिळणार नाही. शेठ माझ्याशी बोलत नाही. उत्तर आलं ते एका ओळीचं : आपल्या प्रश्नावर विचार केला जात आहे. कोण करतंय, ते लिहिलेलं नाही. मावशीने टेपची रिळं परत कपाटात ठेवली आहेत आणि किल्ली मी माझ्याकडे घेतली आहे.