गावाले इचारू दे

कोणताही कागद पुढे केला की बाई आधी त्यावर तळहात ठेवायची. वाचायचा नंतर, सही त्याच्याही नंतर. आधी तो राकट, मोहफुलं वेचून काळपट झालेला हात कागदावर सपाट बसायचा आणि ती म्हणायची, "थांब भाऊ. गावाले इचारू दे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कचेरीतल्या लोकांना ती फार त्रास देतात. मला तर पगारच अशा त्रासाचा मिळत होता. चंद्रपुरातल्या एका फाउंडेशनमध्ये मी कामाला आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या लहान संस्थांना आम्ही निधी देतो. संस्थेने अर्ज करायचा, मी गावी जाऊन पाहणी करायची, मग पहिला हप्ता, मग आमच्या नावाचा बोर्ड, मग विश्वस्तांची भेट आणि भेटीत सगळं गोड झालं की दुसरा हप्ता. वर्षानुवर्षं हे गाडं सुरळीत चाललं होतं. मग पोंभुर्ण्याकडच्या जंगलातून बाई आली.

ती एसटीने आली होती, सोबत गावातल्या दोघी. त्यांच्या महिला संस्थेला आंबे कापून वाळवायला शेड हवी होती. जंगलातला आंबा व्यापारी मातीमोल भावात नेत होता, आणि घरी वाळवलेल्या फोडी वळवाच्या पावसात सडत होत्या. मी अर्ज भरायला घेतला आणि लाभार्थ्यांच्या रकान्याशी आलो.

"लाभार्थी म्हंजे कोन?" बाईने विचारलं.

"ज्यांना आपल्या कामाचा फायदा मिळतो ते."

"मंग तुमीच ना भाऊ. आमी नसतो तं तुमाले पगार कोन देते?"

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार? अर्ज मात्र तिने तिथे भरला नाहीच. तळहात ठेवला, घडी घातली आणि घेऊन गेली. गावसभा बसली, अर्ज वाचला गेला, दोन ओळी खोडल्या गेल्या, आणि शेवटची तारीख उलटून गेल्यावर तो माझ्या टेबलावर परत आला. मी तो कसाबसा आत सरकवला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पहिल्या हप्त्यात जोतं आणि भिंती उभ्या राहिल्या. छप्पर दुसऱ्या हप्त्यात होतं. म्हणजे विश्वस्तांची भेट बिघडली तर छप्पर नाही, आणि छप्पर नाही तर त्या वर्षीचा आंबाही व्यापाऱ्याच्या घशात. हे मला माहीत होतं, बाईलाही माहीत होतं.

विश्वस्त नागपूरचे, भेटीची तारीख तिकडूनच ठरून आली. मी फोनवर सांगितली.

"त्या दिसी नाई जमत," बाई म्हणाली. "तवापर्यंत पंडुम नाई होत."

मी कोरपन्याचा, कापसाच्या मुलखातला. मरका पंडुम म्हणजे आंब्याचा सण हे मी ऐकून होतो, पण आमच्याकडे पोळ्याला बैल सजवतात तसं काहीसं असेल असं धरून चाललो होतो. तिने समजावलं. गावचा पुजारी दिवस ठरवतो, त्या दिवशी नवा आंबा आधी देवाला, पूर्वजांना. तोवर कोणी तोडत नाही, कापत नाही, तोंडात घालत नाही. फळाला धड कोय धरू द्यायची असते.

"बाई, लोक मोठे आहेत. तारीख बदलणार नाही."

"मंग येऊ दे. आमी काऊन नाई म्हनू? पन आंब्याले हात नाई लागनार."

आता माझी अक्कल ऐका. भेटीच्या दिवशी पहाटे निघालो आणि मूल गावच्या बाजारातून कैऱ्यांची एक पेटी घेतली. गावच्या झाडाचा आंबा नको ना, ठीक आहे, बाजारचा घेऊ. बायका पावशीवर, म्हणजे विळीवर, चार फोडी कापतील, फोटो निघतील, विश्वस्त खूश, छप्पर पक्कं, कोणाचं काय बिघडलं? स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की वाटेत दोनदा चहा प्यालो.

बाईने पेटी गाडीतच पाहिली. खांद्यावर घ्यायला मी वाकलो, तेवढ्यात तिने पेटीवर तळहात ठेवला.

"खाली नको उतरवू."

"बाई, हे बाजारचे आहेत!"

"बजारचा का झाडाचा, आंबा आंबाच. आमी पाहुन्यायसाठी खोटं कापाचं का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "तू चांगल्या मनानं आनलं, मले माहीत हाय. झाकून ठेव."

त्या शेवटच्या वाक्याने मला जास्त लाज वाटली.

विश्वस्त आले. पाण्याचे लोटे झाले, आंबील झाली. फाउंडेशनच्या अध्यक्षांनी शेडमध्ये पाहिलं. कोरे जाळीचे ट्रे एकावर एक रचलेले, आणि बायका भिंतीला टेकून निवांत बसलेल्या.

"काम कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं. उत्तर बाईने दिलं.

"काम थांबून हाय, सायेब. थांबनंबी कामच हाय. पंडुम झाला की चालू."

"आम्ही एवढ्या लांबून आलोय."

"आमी तं इथीच राह्यतो. आंबाबी इथीच हाय. तुमी पुन्हा या ना."

ती हे हसून म्हणाली. उर्मटपणा शोधूनही सापडला नसता. पण मोठ्या माणसांना 'पुन्हा या' ऐकायची सवय नसते. त्यांना 'आलात, उपकार झाले' हे ऐकायची असते. मागे वळताना अध्यक्षांनी आणखी एक विचारलं, "आमचा बोर्ड दिसत नाही?"

"हाय ना. मागं ठेवला. कामी येनार हाय."

आठवड्याभरात दुसरा हप्ता थांबला आणि लेखी खुलासा मागवला गेला. तो घ्यायला मलाच पाठवलं. बाईने सांगितलं, मी लिहून घेतलं. घेताना जरा मऊ केलं, 'दिलगीर आहोत', 'गैरसमज झाला' असं दोन-तीन ठिकाणी पेरलं. तिने कागदावर हात ठेवला आणि शिकलेल्या एका सुनेला मोठ्याने वाचायला लावलं.

"हे मी कवा म्हनली?"

"बाई, छपराचा प्रश्न आहे."

"छप्पर त्यायचं हाय. आंबा आमचा हाय. खोड."

मी खोडलं. उरलं ते एवढंच: 'सणाआधी आमचं गाव आंबा कापत नाही. यात चूक असेल तर ती तारखेची आहे. तारीख तुम्ही न विचारता ठरवली.' खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. एवढा सरळ कागद आमच्या कपाटात दुसरा नाही. उत्तर आलं नाही, आणि हप्ताही आला नाही.

मला वाटलं, संपलं. अपराध्यासारखा पंडुमनंतर पुन्हा गेलो, तर शेडवर छप्पर होतं. बांबूचे वासे, वर गवत. घरटी एक माणूस येऊन गावाने तीन दिवसांत ते शाकारलं होतं. आत बायका ओळीने पावश्यांवर बसल्या होत्या आणि आंबट वासाने दात शिवशिवत होते. ट्रे कमी पडले म्हणून अंगणात दगडांवर एक मोठा पत्रा टाकून त्यावर फोडी पसरल्या होत्या. मी वाकून पाहिलं. आमचाच बोर्ड. फाउंडेशनचं नाव मातीकडे, पाठ उन्हाला.

"पत्रा मस्त तापते भाऊ," बाई म्हणाली. "तुमचा लई उपकार." आणि एक फोड मिठाला लावून माझ्या हातावर ठेवली. इतकी आंबट फोड मी जन्मात खाल्ली नव्हती. व्यापाऱ्याची गाडी त्या वर्षी गावातून रिकामी परतली.

मागच्या हिवाळ्यात बाई गेली. मला कळलं तेव्हा माती होऊन आठ दिवस उलटले होते. कचेरीला कळवायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि का यावं? मी गाडी काढून गेलो, शेडच्या जोत्यावर बसलो आणि रडलो. आईनंतर कोणासाठी इतका रडलो नव्हतो. तिची पावशी भिंतीला टेकवून ठेवली होती. पुसलेली, धार लावलेली.

या वर्षी बायकांनी पुन्हा अर्ज केला. गवत दोन पावसाळ्यांत कुजलं, पक्कं छप्पर हवं आहे. परवा बैठक झाली. अध्यक्षांनी तो अर्ज उघडला, भेटीच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि म्हणाले, "मागच्या वेळचा तमाशा नको. तारीख आत्ताच टाकतो. त्या दिवशी काम चालू दिसलं तर देऊ, नाहीतर हा विषय कायमचा बंद."

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. माझीही हलायची, इतकी वर्षं हलत आलीच होती. घरी दोन मुलं आहेत, गाडीचा हप्ता आहे, सगळं आहे.

माझा हात पुढे गेला आणि त्या रकान्यावर सपाट बसला.

"थांबा सायेब," मी म्हणालो. चंद्रपूरच्या कचेरीत मी कधी बोलत नाही ती माझी घरची बोली तोंडातून निघाली. "आदी गावाले इचारू द्या."

अध्यक्ष आधी माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे बघत राहिले. मी हात उचलला नाही.