दीपमालाकाकूंची उडी

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत दीपमालाकाकू आमच्या शेजारी राहतात. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसल्या. "पिनकोड कोण टाकणार, मी?" हा त्यांचा आवाज मी वर्गात काढते, तेव्हा मागचा बाक लोळतो. पण त्या गायला लागल्या की माझी नक्कल आपटते.

काकू जॅझ गातात. बाविसाव्या वर्षी जुन्या बाजारात त्यांना एस्टर बेल या नामांकित अमेरिकन गायिकेची रेकॉर्ड मिळाली. गुरू म्हणाल तर तीच. तिच्या एका गाण्यात काकू मध्येच श्वास तोडतात आणि एकदम वरच्या सुरावर उडी घेतात. आमटीला फोडणी देतानासुद्धा!

यंदा सोसायटीच्या वर्धापनदिनाला त्या पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होत्या. साथीला गिटारवाला केयूर. त्याने मूळ गाणं मोबाइलवर लावलं, तर त्यात उडी नव्हतीच.

"काकू, तुमच्या रेकॉर्डवर चरा असणार. सुई दोन ओळी ओलांडून जाते."

काकूंनी ते पुन्हा एकदा लावायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे चव्वेचाळीस वर्षं मी चराच गातेय? नाव काढ माझं यादीतून."

"छापून झालीय," त्यांचे यजमान श्रीधरकाका पेपरमागून म्हणाले.

आठवडाभर काकूंनी गाणं सरळ गाऊन पाहिलं. भिंतीपलीकडून वाटायचं, कुणी पाणीकपातीची नोटीस वाचतंय. शनिवारी त्यांनी मला बोलावलं.

"ओवी, माझी नक्कल कर. दोन्ही तऱ्हेने. आणि भीड बाळगू नकोस."

सरळ गाणं मी पहिल्या झटक्यात हुबेहूब काढलं. काकूंचा चेहरा उतरला. मग उडीचं घेतलं. श्वास तोडला, वर झेपावले आणि आवाज असा फाटला की काकांचा पेपर खाली आला.

"परत कर," काकू म्हणाल्या. परत फाटला. तिसऱ्यांदा तर खोकलाच आला.

काकू खुदकन हसल्या. "एस्टरबाईंची नाही ती उडी, आणि तुलाही येत नाही. मग माझीच की!"

रविवारी त्या गायल्या. उडीआधी त्यांचा उजवा खांदा वर जातो, ते केयूरने बरोबर हेरलं होतं. खांदा उचलला, त्याने तारांवरचा हात काढला, आणि काकू एकट्याच वर जाऊन पोचल्या.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "दोन ओळी गाळल्या वाटतं."

काका मान न वळवता म्हणाले, "गुरूने शिकवल्याच नव्हत्या. ऐका आता."