जिन्याखालचे बूट

लेकीची शाळा इथे परदेशात, रायस्वाइक गावातल्या एका जुन्या, रंगीत काचांच्या बंगल्यात भरते. तिथले म्हातारे शिपाईकाका कोरीव जिन्याच्या कठड्यावरून जाता-येता हात फिरवतात आणि मुलांना दोनदा बजावतात, "हळू, हळू."

तिच्या पहिल्या दिवशी मी सवयीने जिन्याखाली बूट काढले. आमच्या तालुक्याच्या पत्र्याच्या शाळेत वर्गाबाहेर चपलांची रांग असायची.

लेक पुटपुटली, "आई, प्लीज घाल ना. सगळे बघतायत."

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग जिन्याकडे. वाकून त्यांनी आपलेही बूट काढले, माझ्या बुटांशेजारी नीट लावले आणि मोज्यांवरच पुढे निघाले.

अर्ध्या जिन्यावरून लेक खाली परतली. तिसरा जोड तिने काकांच्या बुटांना लागून ठेवला.