गाऱ्हाण्याचं अपील

माझा दादा एवढा भोळा की चोरालाही पंगतीला बसवून वडे वाढेल. खरं तर त्याने तेच केलं, आणि त्यापायी सहा महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली.

तळेऱ्याच्या नाक्यावर भेटलेल्या एका माणसाकडून दादाने होडीसाठी जुनं इंजिन घेतलं. बिलबिल काही नाही. आमच्याकडे होडीला नवीन काही आणलं की गावचा मानकरी, म्हणजे गावकर, देवाला गाऱ्हाणं घालतो, मोठ्याने साकडं घालतो, आणि बाकीचे मागून हुंकार भरतात. दादाने अख्खी वाडी किनाऱ्यावर बोलावली, विकणाऱ्यालाही. तोही हात जोडून उभा राहिला आणि वर कोंबडी-वडे चापून गेला. महिन्याने पोलीस आले. इंजिन चोरीचं होतं! खालच्या कोर्टाने ठरवलं, बिल नाही म्हणजे माल चोरीचा आहे हे दादाला ठाऊक होतं. मला असा संताप आला की त्या दिवशी मी चपला कोर्टातच विसरून आले.

अपील ओरोसला, जिल्हा कोर्टात. दादा जामिनावर होता. पण प्रत्येक तारखेला पिशवीत टॉवेल आणि दोन बनियन घेऊन यायचा. अपील फेटाळलं तर थेट आतच जायचं.

शेवटच्या सुनावणीला आमचे वकील गावकराची साक्ष वाचत होते. गाऱ्हाण्यापाशी आले आणि त्यांचा आवाज चढला. "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान तळेऱ्यासून इंजिन हाडल्यान हा, ता सगळ्यांसमोर तुज्या पायाकडे ठेवल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या बाकांवरून आमची सगळी वाडी गरजली.

शिपाई दचकला. सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले होते. काय करणार, गाऱ्हाणं कानावर पडलं की आमची तोंडं आपोआप उघडतात.

"हे काय चाललंय?" न्यायाधीश कडाडले.

मासे विकणारी आमची काकी उठली. "चूक झाली, सायबानु. त्या दिवशी पण आमी असाच म्हटला होता."

"तेव्हाही एवढे सगळे हजर होतात?"

"व्हय म्हाराजा!"

सरकारी वकील उसळले, "साहेब, हा पुरावा नव्हे!"

"नव्हेच," न्यायाधीश कागदांत मान खुपसून म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते. "साक्ष लेखी आहे, ती मी वाचेन. तुम्ही मात्र आता तोंडं मिटा."

हसू दाबताना मला उचकी लागली. इतकी गंमत मला लग्नातसुद्धा आली नव्हती. दादा तेवढा हसला नाही.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. चोरीचा माल घेतोय हे ज्याला ठाऊक असतं, तो सगळ्या गावाला गोळा करून त्याचं गाऱ्हाणं घालत नाही, असं त्यात लिहिलं होतं. शिक्षा रद्द! काकीने मला मिठी मारली, मी शिपायाला मारता मारता राहिले. दादा मात्र टॉवेल-बनियनची पिशवी धरून होता तिथेच उभा.

"वकीलसाहेब, आता माका खंय जावचा?"

"घराक जा रे."

दादाने ते त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्या वेळी मी रडत होते.