आवाज बंद ठेवलेला खेळ

मोबाइलवरच्या खेळानं पोरीचं इंग्रजी सुधारतं, असं मी गल्लीत छातीठोकपणे सांगत असे. आजही सांगतो. खेळ साधाच. चित्र दिसतं, खाली शब्द येतात, बरोबर शब्द दाबला की तारे उडतात. चौथीतली माझी मुलगी शाळेतून आली की खेळायला बसायची. शिडी, कासव, छत्री, रोज नवं काहीतरी इंग्रजीत मिळवायची.

खेळ प्रत्येक शब्द बोलूनही दाखवतो. तो आवाज मीच बंद करून ठेवला होता. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, माझी रातपाळी, त्यामुळे झोप दिवसा. आमच्या निजामपुऱ्याच्या वस्तीत भिंतीपलीकडे लूम खडखडत असले तरी मला गाढ झोप लागते, पण उशाशीच वाजणारा मोबाइल टोचतो. आवाज नसल्याचं कुणाला काही वाटलंही नाही. लूमच्या खडखडाटात आम्ही हाताच्या खुणांनीच बोलतो, घरीही निम्मं तसंच.

मग शाळेत तोंडी परीक्षा झाली. मॅडम शब्द बोलणार, मुलांनी चित्रावर बोट ठेवायचं. आमची पोर नुसती उभी राहिली. मॅडमनी मला बोलावून घेतलं. "लिहिलेलं सगळं ओळखते हो. ऐकलं की गप्प! सोमवारी पुन्हा घेते."

घरी पोर रडायला लागली. "पप्पा, शब्द मला येतात. मॅडम त्यातला कुठला बोलतात तेच कळत नाही."

"घ्या, झोपा आता निवांत!" बायको म्हणाली.

मी पोरीला जवळ घेऊन सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही. खेळाचं बोलणं मीच बंद केलं होतं."

शुक्रवारी लूम बंद असतात, गल्ली शांत होते. त्या दिवशी मी झोपलो नाही. आवाज पूर्ण वाढवला. लूमनं माझे कान अधू केलेत, म्हणून ती प्रत्येक शब्द मला ओरडून सांगायची आणि मी तिच्यामागून म्हणायचो. शेजारचा कारागीर दारातून हसला, "क्या चाचा, लंडन जाना है?"

"पहले पास तो होने दो!" पोरीनंच परतवलं.

सोमवारी पाळी संपवून मी तडक शाळेच्या खिडकीशी उभा राहिलो. मॅडम काय बोलतात ते मला ऐकू येत नव्हतं. पोरीचं बोट मात्र दिसत होतं. या चित्रावरून त्या चित्रावर, न अडखळता. शेवटी तिनं खिडकीकडे पाहिलं आणि दोन बोटं एकमेकांवर फिरवली. धागा जुळला, लूम चालू कर, हे सांगायला आम्ही करतो ती खूण.